राजपुत्र उडी मारत नाही, आणि लीडरबोर्ड मात्र तयार!

पत्र:

दादा, मी नोकरीत बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हर-डेटाबेसचं, काम करतो, गेम वगैरे कधी बनवला नव्हता. लहानपणी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' वेड्यासारखा खेळलोय, तो जुना १९८९ वाला, आणि त्याचाच रीमेक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना मोकळा) म्हणून करायचं डोक्यात घेतलं. वर्ष होत आलं. लेव्हल एडिटर झालाय, ऑनलाइन लीडरबोर्ड (खेळाडूंच्या स्कोअरची यादी) झालाय, सेटिंग्जचा मेन्यू तर मस्तच झालाय, पण राजपुत्र काही केल्या मूळच्यासारखा हलत नाही, घसरल्यासारखा वाटतो, आणि कडेला धरून लटकायचं तर त्याला जमतच नाही. चित्रं मी मूळ गेममधूनच काढून घेतलीत, मित्र म्हणतो नोटीस येईल. त्यात आता कळलं की हे काम आधीच कुणीतरी केलंय आणि चांगलं केलंय, मग मी करतोय कशाला? कोडही गचाळ आहे, तो साफ केल्याशिवाय लोकांसमोर टाकायची लाज वाटते. बायको विचारते खेळायला कधी मिळणार, तिला काय सांगू तेही कळत नाही. बंद करू का?
— कडेला न लटकलेला

उत्तर:

अरे बाबा, बंद वगैरे काही करू नकोस, पण लीडरबोर्ड आजच्या आज बाजूला काढ. डिलीट नको करू, वेगळ्या ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या फांदीत) टाक आणि तिकडे फिरकू नकोस. तुझ्या पत्रात मला सरळ दिसतंय ते असं की बॅकएंडवाला माणूस गेम करायला बसला आणि गेममधलं जेवढं बॅकएंडसारखं होतं तेवढं त्याने आधी उरकलं, जे हाताला येतं ते माणूस आधी करतो, त्यात गैर काही नाही, फक्त वर्षभराने बघावं तर गेम सोडून बाकी सगळं तयार असतं.

आता मुद्द्याचं बोलतो. स्वतःचा नवा गेम करायला बसलेली माणसं कोडमुळे क्वचितच थकतात, ती थकतात ठरवून ठरवून. उडी किती लांबीची, पहारेकऱ्याने किती वार झेलायचे, किती उंचीवरून पडलं की मरायचं, गेट किती वेळ उघडं राहायचं, अशी शेकडो उत्तरं द्यायची असतात आणि प्रत्येक उत्तर खेळून बघून बदलायचं असतं. रीमेकवाल्याला ही सगळी उत्तरं आयती मिळतात! तुझी उत्तरं हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेक्नरने अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर बसून केव्हाच देऊन ठेवलीत, ६० मिनिटांच्या घड्याळासकट. एवढी मोठी सवलत हातात असताना तू काय केलंस, तर मूळ गेममध्ये नसलेल्या गोष्टी घातल्यास, म्हणजे परत स्वतः ठरवणं आलं, स्कोअर कशावर द्यायचा, चीटिंग कसं पकडायचं, लॉगिन ठेवायचं का, आणि यातल्या एकाचंही उत्तर जुन्या गेममध्ये सापडणार नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच की पहिली लेव्हल पहिल्यापासून शेवटपर्यंत मूळसारखी खेळता येईपर्यंत मूळमध्ये नाही ते काहीही घालायचं नाही. काहीही म्हणजे काहीही, गेमपॅड सपोर्टसुद्धा नाही.

आणि पहिली लेव्हल म्हणजे सुद्धा कमी नाहीये. मागे गेट बंद होतं, निसटणाऱ्या फरश्या आहेत, दाबल्यावर गेट उघडणाऱ्या फरश्या आहेत, तलवार शोधायची आहे, पहारेकरी आहे. तू त्याच्याही आधी एकच खोली घे. मूळ गेममधली खोली १० फरश्या रुंद आणि ३ मजले उंच असते, बस, तेवढीच. त्यात राजपुत्र धावला पाहिजे, वळला पाहिजे, उडी मारली पाहिजे, पडला पाहिजे आणि लटकला पाहिजे. हे झालं तर तुझा गेम झाला असं समज, बाकी सगळी भर.

आता तो घसरतो का, ते बघू. कुठलं इंजिन वापरतोयस ते तू लिहिलं नाहीस, पण पैज लावायला तयार आहे की तू गोडो किंवा युनिटी या गेम इंजिनांतला तयार कॅरेक्टर कंट्रोलर (पात्र हलवणारा कोड) घेतलायस, त्याला वेग दिलाय, त्वरण दिलंय, घर्षण दिलंय, खालून गुरुत्वाकर्षण लावलंय, आणि मग महिनोन्महिने ते आकडे इकडेतिकडे फिरवत बसलायस की आता तरी तसा वाटेल, आता तरी वाटेल. नाही वाटणार रे, जन्मात नाही वाटणार, कारण मूळ गेममधलं चालणं-धावणं-उडी मारणं असल्या फिजिक्सवर चालतच नाही. मेक्नरने त्याच्या भावाला धावताना, उड्या मारताना व्हिडिओवर शूट केलं आणि त्या शूटिंगमधल्या एकेका फ्रेमवरून चित्रं बनवली, ज्याला रोटोस्कोपिंग म्हणतात. मग कोडमध्ये काय आहे तर तक्ते. अमुक चित्र दाखव, एवढे एकक पुढे सरक, पुढचं चित्र दाखव, आता पाय जमिनीला टेकला तर आवाज कर, परत पुढचं चित्र. एक उडी म्हणजे अशी एक लांबलचक यादी, आणि ती सुरू झाली की सहसा संपल्याशिवाय तुझं कोण ऐकत नाही. धावता धावता उलटं बटण दाबलं तर तो लगेच वळत नाही, आधी पाय घासत थांबतो आणि मग वळतो, आणि त्या अर्ध्या क्षणात खड्डा येतो म्हणून तर लहानपणी आपला जीव जायचा! तयार कंट्रोलरने हे सगळं गुळगुळीत करून टाकलं, त्यामुळे तुझा राजपुत्र हुकमी झालाय, पटकन वळतो, हवेत दिशा बदलतो, आणि म्हणूनच तो खोटा वाटतो.

एक छोटी गोष्ट सांगतो म्हणजे किती बारीक काम आहे ते कळेल. शिफ्ट दाबून आपण जे जपून एक पाऊल टाकायचो ते आठव. तो बरोब्बर कडेला येऊन थांबायचा, कधीच अर्धवट नाही. आतून ते असं आहे की एका फरशीची रुंदी १४ एकक धरलीय, आणि जपून टाकायच्या पावलासाठी १ एककापासून १४ एककांपर्यंत वेगवेगळे तक्ते आहेत, कडेपर्यंत जेवढं अंतर उरलंय तेवढ्याच लांबीचं पाऊल निवडलं जातं. कुठला फिजिक्स इंजिनवाला हे सुचून करेल सांग. आणि लटकण्याचं तर त्याहून सोपं आहे, तू बहुतेक हाताचा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) कडेच्या कोलायडरला टेकतो का ते बघतोयस आणि तो निसटतोय. तसं नाही करायचं. खेळ चौकटींवर चाललाय, मग चौकटींनाच विचार, वरच्या रांगेत या खणात फरशी आहे का, तिच्यापासून मी धरण्याइतका जवळ आहे का, शिफ्ट दाबलेलं आहे का, तिन्ही हो असतील तर सरळ लटकण्याचा तक्ता सुरू कर आणि राजपुत्राला नेमक्या जागी नेऊन ठेव. टक्कर-बिक्कर काही नाही.

मग हे आकडे आणायचे कुठून? डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) मूळ गेम लाव, स्क्रीन रेकॉर्ड कर, एकच उडी घे, धावतानाची, आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघ. डॉसवाल्या आवृत्तीत सेकंदाला साधारण १२ चित्रं बदलतात, म्हणजे एक उडी मोजायला काही रात्र जागावी लागत नाही. एक्सेलमध्ये तीन खाने कर, कितवं चित्र, पायाची जागा आडवी, पायाची जागा उभी. पूर्ण पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल आणि फरश्या १०, म्हणजे एक फरशी ३२ पिक्सेल, तेवढ्यावरून एकक काढता येतात. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू, पण तुझं वर्ष गेलं ते हे न केल्यामुळे गेलं. आणि हो, गेमचं लॉजिक सेकंदाला १२ वेळाच चालव, मॉनिटर ६० हर्ट्झचा असो की १४४ चा, नाहीतर वेगवान मशीनवर राजपुत्र पिसाटल्यासारखा पळेल, जुन्या कितीतरी डॉस गेमचं तसं व्हायचं. मधली चित्रं घालून हालचाल मऊ करायचा मोह होईल, होऊ दे, करू नकोस. अजून एक, ते ३२० बाय २०० चं चित्र जुन्या मॉनिटरवर ४:३ मध्ये ताणून दिसायचं, म्हणजे पिक्सेल चौकोनी नव्हते, थोडे उभट होते. तू चौकोनी काढलेस तर सगळा महाल बसका दिसेल आणि काय चुकलंय ते कळणार नाही.

मूळ गेममध्ये काही विचित्र दिसलं तर ते 'सुधारायला' जाऊ नकोस, निदान आत्ता तरी. पॅकमॅनमधलं गुलाबी भूत पॅकमॅनच्या पुढच्या चार घरांवर नेम धरतं, पण पॅकमॅन वर तोंड करून असेल तर मूळ कोडमधल्या गडबडीमुळे तो नेम चार घरं वर आणि शिवाय चार घरं डावीकडे जातो. हा बग आहे हे सगळ्यांना माहितीये, तरी मुरलेले खेळाडू त्याच्याच भरवशावर खेळतात, आणि बग काढून टाकलेला क्लोन (नक्कल) त्यांना दोन मिनिटांत ओळखू येतो. तुझ्याच गेममधलं बघ ना, आरशातून बाहेर येणारी ती सावली आहे ती आली कशी माहितीये का, अ‍ॅपल टूच्या मेमरीत नवीन पात्राची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून मेक्नरने राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून स्वतःवरच एक्स-ऑर केलं (दोन प्रतींत जिथे फरक तेवढंच ठेवलं) आणि ते चमचमतं भुतासारखं काहीतरी तयार झालं. आज तुझ्याकडे जागाच जागा आहे, तू तिथे झकास नवं पात्र काढशील, आणि नेमकी ती सावलीच हरवेल.

आता नोटिशीचं. मी वकील नाही, पण तुझा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ढोबळ गोष्ट अशी की खेळाच्या नियमांवर सहसा कुणाचा कॉपीराइट नसतो, पण चित्रं, आवाज, संगीत, पात्रं, लेव्हलची मांडणी यांच्यावर असू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेत टेट्रिसवाल्यांनी एका क्लोनवर केस जिंकली, त्या क्लोनवाल्यांचं म्हणणं होतं की आम्ही फक्त नियम घेतले, कोर्ट म्हणालं नियम घ्या हो, पण तुम्ही दिसणंही जसंच्या तसं उचललंय. दुसरं उदाहरण जीटीए थ्री या गेमचं, मूळ प्रोग्रॅम उलगडून त्याचा कोड परत लिहिलेलं एक प्रोजेक्ट होतं, ते २०२१ मध्ये गेमच्या मालक टेक-टू कंपनीने गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून उतरवायला लावलं आणि पुढे कोर्टात गेले. आणि तुझ्या गेमबद्दल एक खास गोष्ट, मेक्नरने मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये गिटहबवर टाकलाय हे तुला माहिती असेलच, पण तो ओपन सोर्स नाहीये हं. तो म्हणतो वाचा, शिका, त्याच्याशी खेळा, माझी हरकत नाही, पण प्रिन्स ऑफ पर्शियाचे हक्क यातून कुणाला मिळत नाहीत, ते युबिसॉफ्ट या गेम कंपनीकडे आहेत. तर वाचायला बिनधास्त वाच, मी वर सांगितलेले तक्ते कसे रचलेत ते तिथे बघायला मिळेल, उचलून आपल्यात चिकटवू नकोस.

लोकांनी यातून दोन वाटा काढल्यात. एक म्हणजे इंजिन आमचं, चित्रं-आवाज तुमच्याकडच्या मूळ गेममधून घ्या, स्कमव्हीएम, ओपनएमडब्ल्यू, ओपनआरसीटी२ ही जुने गेम चालवणारी प्रोजेक्टं असंच करतात. दुसरी वाट म्हणजे सगळी चित्रं नव्याने काढायची, डूम या जुन्या शूटिंग गेमसाठी फ्रीडूम झालं ते तसं. ओपनटीटीडी हा रीमेक तर दोन्ही वाटांवरून गेलाय, २००४ मध्ये आला तेव्हा मूळ ट्रान्सपोर्ट टायकूनच्या फाइल्स लागायच्या, २०१० मध्ये १.० आलं तोवर लोकांनी स्वतःची फुकट वापरायची चित्रं काढून पुरी केली. सहा वर्षं! म्हणजे चित्रं नाहीत म्हणून कुणी थांबलं नव्हतं. तूही थांबू नकोस, आत्ता राजपुत्र म्हणजे एक रंगीत चौकोन कर, पायाच्या जागी एक टिंब. हसू नको, तक्ते बरोबर असतील तर चौकोनसुद्धा राजपुत्रासारखा उडी मारतो, आणि नसतील तर मूळ चित्रं लावूनही मारत नाही, हे तर तू वर्षभर बघतोयसच. पुढे खरी चित्रं हवीत तर मोबाईल उभा करून स्वतःच्याच उड्या शूट कर आणि त्यावरून काढ, मूळ पद्धतही तीच होती. लेव्हल मात्र स्वतःच्या बनव, मूळ लेव्हल फक्त आपल्या मशीनवर टेस्टिंगपुरत्या. तो एडिटर इथे कामाला येईल बघ, अगदीच वाया गेला नाही.

आधीच कुणीतरी केलंय, याचं काय? केलंय, एसडीएलपॉप, डॉसवाली आवृत्ती उलगडून केलेलं आणि फार प्रेमाने केलेलं काम आहे. मग? डूमचा सोर्स १९९७ मध्ये मोकळा झाला त्यानंतर त्याची किती रूपं निघाली बघ, कुणाला तो नव्वदच्या दशकात होता तस्साच हवा होता, बगसकट, तर चॉकलेट डूम झालं, कुणाला नवे ग्राफिक्स आणि मॉडिंग हवं होतं तर त्यांनी ते केलं, कुणी कुणाला विचारलं नाही की तू कशाला. फक्त एक प्रामाणिकपणे स्वतःला विचार, तुला गेम लोकांपर्यंत पोचवायचाय की तो आतून कसा चालतो ते हाताने करून बघायचंय. पहिलं असेल तर एसडीएलपॉपमध्ये जाऊन हातभार लाव, ते जास्त उपयोगाचं होईल. दुसरं असेल, आणि तुझ्या पत्रावरून मला दुसरंच वाटतंय, तर त्याच्या असण्याने तुझं काही बिघडत नाही, उलट अडलास की उत्तर बघायला एक जागा आहे. मात्र तिथला कोड घेतलास तर लक्षात ठेव की तो जीपीएल ३ या लायसन्सखाली आहे, मग तुझंही जीपीएल ३ खालीच द्यावं लागेल.

कोडची लाज, यावर मी फार वेळ घालवणार नाही. कुणी वाचत नाही रे. लोक आधी चालवून बघतात, चाललं तर वाचतात, आणि वाचणाऱ्यांपैकी एखादाच काही बोलतो. गचाळ कोडने प्रोजेक्ट मेलेलं मी क्वचित पाहिलंय, 'साफ करून टाकतो' म्हणत कपाटात राहिलेली मात्र ढिगाने. पण टाकायच्या आधी दोन कामं नक्की कर. पहिलं, लायसन्सची फाइल. लायसन्स न लावता कोड टाकला तर तो ओपन सोर्स होत नाही, दिसतो सगळ्यांना पण वापरायचा हक्क कुणालाच नसतो. मी असतो तर कोडला जीपीएल आणि स्वतःच्या चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्स लावलं असतं, एमआयटी लायसन्स लावलंस तरी बिघडत नाही. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, तू मूळ चित्रं इतके महिने गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट, म्हणजे नोंद, करतोयस ना, आज डिलीट केलीस तरी ती हिस्टरीत राहतात, कुणीही जुन्या कमिटवर जाऊन काढू शकतं. एकतर गिट फिल्टर-रेपो या साधनाने हिस्टरी धुऊन काढ, नाहीतर सरळ नवीन रेपो (प्रोजेक्टचं कोठार) काढून स्वच्छ कोडचा पहिला कमिट कर. मी तर दुसरंच करेन, जुनी हिस्टरी तशीही लीडरबोर्डचीच आहे.

रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलीत) सगळ्यात वर लिही की यात काय नाहीये आणि येणारही नाही, कारण टाकल्या टाकल्या पहिला इश्यू (लोकांची मागणी किंवा तक्रार) येतो तो मल्टिप्लेअरचा, गेम कुठलाही असो. बायकोला सांग की एक खोली आणि एक चौकोन असा गेम लवकरच मिळेल, आणि खरंच तिला बसव, शेजारी बसून बोलू मात्र नकोस, ती कुठे अडते ते नुसतं बघ. तिने मूळ गेम खेळला असेल तर फारच छान, उडी चुकली की तिची बोटं सांगतील.

आणि नावात 'प्रिन्स' किंवा 'पर्शिया' येऊ देऊ नकोस. बऱ्याच जुन्या प्रोजेक्टांनी मूळ नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवलंय आणि त्यांचं निभावलंय हे खरं, पण ट्रेडमार्क हे प्रकरण वेगळं आहे आणि हा गेम आजही चालू फ्रँचायझी आहे, त्यावर नवे गेम निघतायत. काहीतरी साधं ठेव, नंतर बदललंस तरी हरकत नाही. पहिली उडी जमली की रेपोची लिंक पाठव, चौकोन असला तरी चालेल, मी खेळून बघेन.